वन बीएचकेचं इंटिरियर: आधी घराचं टाइमटेबल, मग सुताराला फोन

डोंबिवली घ्या, विरार घ्या, नाहीतर पुण्यातलं धायरी-वाकड, फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिले आठ-दहा दिवस सगळं घर मोबाइलवर फोटो सेव्ह करत बसतं. पांढराशुभ्र सोफा, एक झाड, एक दिवा, बास. आता त्या फोटोत गावाहून आलेलं तांदळाचं पोतं कुठे ठेवलंय ते शोधून दाखवा. वाळत घातलेले कपडे, तीन चार्जर, कुकर, मुलाची सायकल, देवघर, काहीच नाही. आणि मग आपण तोच फोटो सुताराला दाखवतो, तो म्हणतो हो ताई होऊन जाईल, आणि सहा महिन्यांनी त्या पांढऱ्या सोफ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

मी हेच काम करते, बहुतेक ठाण्याच्या पुढची छोटी घरं, ३५० ते ४५० स्क्वेअर फूट कार्पेटची. आणि माझं स्पष्ट मत झालंय की छोट्या घरात भांडण जागेचं कमी आणि वेळेचं जास्त असतं. हॉल एकच, पण सकाळी सातला तिथे डबे आणि वेण्या, अकराला कोणाचा तरी लॅपटॉप, चारला मुलांचा अभ्यास, आठला टीव्ही, रात्री अकराला आजी-आजोबांची झोपायची जागा. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली १६० स्क्वेअर फुटांची, तिच्यात अख्खं कुटुंब राहायचं, कारण सकाळ झाली की गाद्यांची वळकटी भिंतीला लागायची आणि खोली पुन्हा मोकळी. आपण काय करतो, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा घेतो आणि प्रत्येक वस्तू जमिनीला खिळवून टाकतो. म्हणून खाली जे सांगतेय त्याचा क्रम पाळा. फर्निचरचा नंबर बराच नंतर येतो.

पायरी पहिली: टाइमटेबल लिहा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे तास लिहा, सकाळी सहा ते रात्री बारा, आणि वर घरातल्या माणसांची नावं. कोण कधी कुठे बसतं, काय करतं, ते आहे तसं लिहा, कसं असायला हवं ते नको. नवरा जमिनीवर बसून जेवत असेल तर तसं लिहा, डायनिंग टेबलावर कपड्यांच्या घड्या होणार असतील तर तेही लिहा. हे पान भरलं की गंमत दिसते, ज्या तासाला एकाच खोलीत दोन-तीन वेगळी कामं आलीत तोच तुमच्या घराचा अवघड तास, आणि डिझाइन करायचं ते त्या तासासाठी. बाकीच्या वेळी घर आपोआप चालतं.

याच पानाच्या मागे वर्षाचे खास दिवस लिहा. गणपती बसतो का? बसत असेल तर मखराला निदान अडीच-तीन फूट रुंद जागा, वर मोकळी भिंत, शेजारी प्लग, आणि आरतीला दहा माणसं उभी राहतील एवढी जमीन लागते. टीव्ही युनिट भिंतभर करून बसलात की दर भाद्रपदात टीव्ही उतरवा. पाहुणे किती वेळा राहायला येतात, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या कुठे लागतात, वर्षाचं धान्य भरता की महिन्याचं आणता, हे सगळं आत्ताच. डिझायनर हे विचारत नसेल तर तुम्ही सांगा.

पायरी दुसरी: टेप घेऊन स्वतः मोजा

कागदावरचा कार्पेट एरिया आणि टेपने मोजलेल्या खोल्यांची बेरीज जुळत नाही म्हणून लोक घाबरतात. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या, व्याख्येत घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जाडीसुद्धा कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, त्यामुळे थोडा फरक येणारच. फर्निचरसाठी मात्र टेपचंच माप खरं, तेही प्लास्टर, टाइल झाल्यानंतरचं.

मोजताना नुसती लांबी-रुंदी नको. खिडकीची चौकट जमिनीपासून किती इंचावर, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो आणि उघडल्यावर किती जागा खातो, बीम किती खाली आलाय, कॉलम भिंतीतून किती इंच बाहेर, प्लग आणि स्विचबोर्ड कुठे. खोलीची रुंदी तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये, कारण भिंती क्वचितच सरळ असतात, आणि सुताराने एका जागी मोजून कपाट बनवलं की ते दुसऱ्या टोकाला अर्धा इंच अडतं.

आणि हो, लिफ्ट मोजा. प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची असते, ती बऱ्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने चढवावी लागते आणि हमाल दर मजल्यामागे पैसे घेतात. तीन सीटचा अखंड सोफा, किंग साइज गादी, मोठा फ्रिज यांचंही तेच. दुकानात पैसे भरायच्या आधी जिन्याचं वळण बघून या.

एक ट्रिक सांगते, फुकट आहे. मापं मिळाली की रिकाम्या घरात जमिनीवर खडूने किंवा मास्किंग टेपने बेड, सोफा, कपाट, सगळं खऱ्या मापात आखा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन तासभर तिथे वावरा. ट्रे घेऊन चाला, कपाटाचं दार उघडल्यासारखं करा. एका माणसाला नीट जायला २४ इंच तरी लागतात, ३० असले तर अंग न चोरता जाता येतं, आणि मुख्य दारापासून किचनपर्यंतचा जाण्यायेण्याचा रस्ता ३६ इंच ठेवा, कारण तिथे दोघं समोरासमोर येतातच. कंप्युटरवरच्या थ्रीडी चित्रात हे कळत नाही, चित्रात खोली नेहमी मोठी दिसते.

पायरी तिसरी: सामान आधी, कपाटं नंतर

"स्टोरेज भरपूर पाहिजे" असं सगळेच म्हणतात. पण भरपूर म्हणजे किती? जुन्या घरातलं सगळं सामान चार ढिगात करा, रोजचं, आठवड्याचं, वर्षातून एकदा लागणारं, आणि जे का ठेवलंय ते कोणालाच माहीत नाही ते. चौथा ढीग नवीन घरात आणायचाच नाही. लग्नात आलेले स्टीलचे डबे, बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, पॅकिंगची खोकी. सासूबाई ऐकणार नाहीत, माहितीये, पण त्यासाठी छताखाली अख्खा माळा बांधून घेणं महाग पडतं.

उरलेल्या तीन ढिगांची जागा उंचीवर ठरते. रोजचं सामान गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत, आठवड्याचं त्याच्या खाली-वर, आणि वर्षातून एकदा लागणारं, म्हणजे मखर, दिवाळीचा कंदील, प्रवासाच्या बॅगा, जादा गाद्या, हे सात फुटांच्या वर माळ्यावर किंवा बेडच्या पोटात. माळा करताना खोलीची उंची बघा. साडेनऊ फूट उंची असेल तर सात फुटांवर माळा काढून वर अडीच फूट मिळतात, त्यात मोठी बॅग आडवी जाते. माळ्याला दार लावा, पडदा लावला की धूळ आणि झुरळं दोन्ही आत.

पायरी चौथी: भिंत फोडायची, वायर ओढायची कामं

फर्निचरच्या आधी ही. सोसायटीला लेखी अर्ज, डिपॉझिट, कामाच्या वेळा, मलबा कुठे टाकायचा आणि कोण नेणार, हे सगळं आधी मिटवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी काम थांबवतात आणि कारागीर दुसऱ्या साइटवर पळतात. आरसीसीच्या कॉलमला, बीमला, स्लॅबला हात लावायचा नाही. "थोडंसंच छिन्नीने काढतो" असं कोणी म्हणालं तर त्याला घरी पाठवा. पार्टिशनची भिंत काढून किचन ओपन करायचं असेल तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि जुनी लोडबेअरिंग बिल्डिंग असेल तर विषयच सोडा, तिथे भिंतच घर उचलून धरते. बाथरूम सरकवून दुसरीकडे नेणं हाही उद्योग नको, खालच्यांच्या किचनवर तुमचं बाथरूम आलं की आयुष्यभराचं वैर.

बाथरूमच्या टाइल बदलत असाल तर वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल लावायच्या आधी, आउटलेट बंद करून पाणी भरून ठेवा, निदान २४ तास, जमलं तर ४८. खालच्यांना सांगून त्यांच्या छतावर लक्ष ठेवा. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, करू दे.

वायरिंग करताना टाइमटेबलचं पान समोर ठेवा. जिथे माणूस बसतं तिथे प्लग, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, बेडच्या दोन्ही बाजूंना, ओट्यावर निदान तीन, मखराजवळ एक, राउटरचा वेगळा. गीझर, एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन यांना १६ अँपिअरचे पॉइंट. दीड टनाच्या एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर घाला आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, शॉक लागायची वेळ आली तर तीच लाइन तोडते. हे पैसे दिसत नाहीत म्हणून लोक इथे कापतात आणि फॉल्स सीलिंगवर उडवतात.

फॉल्स सीलिंगचं माझं मत विचाराल तर छोट्या घरात नकोच. चार ते सहा इंच उंची जाते, पंखा खाली येतो, खोली बसकी वाटते. वायर लपवायला एका कडेला पट्टी करायची असेल तर करा. लाइट मात्र एकाच ट्यूबवर सोडू नका. ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बसायला-झोपायला, ४००० केल्विनचा ओट्यावर आणि अभ्यासाला, आणि दोन्हींचे स्विच वेगळे. अवघड तासाला अर्धी खोली उजेडात आणि अर्धी अंधारात ठेवता आली पाहिजे, आजी झोपलेली असताना नातवाचा अभ्यास चालू राहतो तो यामुळेच. ६५०० केल्विनचा पांढरा फक्क उजेड बेडरूममध्ये लावलात तर बँकेत झोपल्यासारखं वाटेल.

पायरी पाचवी: किचन, इथे वेळ घालवा

सात बाय नऊचं किचन आणि त्यात ओटा, फ्रिज, देवघर, कधीकधी वॉशिंग मशीनसुद्धा. सगळ्यात आधी ओट्याची उंची. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा आला पाहिजे. साधारण ३२ ते ३४ इंच येतं. बिल्डरचा ओटा ज्या उंचीचा आहे त्याला तुमची पाठ जुळवून घेऊ नका. ओट्याची खोली, पुढून मागे, २४ इंच पुरते. वरची कपाटं ओट्यापासून २० ते २४ इंच वर सुरू करा आणि १२ इंचच खोल ठेवा, जास्त खोल केली की डोकं आपटतं आणि मागचा डबा दिसत नाही.

ओट्याखाली वॉशिंग मशीन बसवायचं स्वप्न अनेकांचं असतं. फ्रंट लोड मशीन साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे साडेतेहतीस इंच, त्यावर ग्रॅनाइटची जाडी आणि थोडी सुटी जागा धरली की ओटा ३५ इंचांच्या वर जातो. बुटक्या बाईला त्या ओट्यावर पोळ्या लाटायला सांगून बघा. त्यामुळे मशीन ओट्याखाली घ्यायचंच तर तेवढाच तुकडा उंच करा आणि त्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह ठेवा, पोळीची जागा खालीच राहू दे. मशीनच्या मागे पाइप आणि पाण्याचा निचरा यासाठी दोन-तीन इंच जागा सोडायला विसरू नका.

ट्रॉल्यांचं वेड आपल्याकडे जबरदस्त आहे. सगळ्या ओट्याखाली ट्रॉल्या हव्यातच असं नाही. ताट-वाट्या, चमचे, रोजचे मसाले, कढया यांना ट्रॉली बरी, कारण ओढली की मागचं दिसतं. पण मोठे डबे, पिठाचा पिंप, कुकर, कांदे-बटाटे यांना साधी कडप्प्याची फळी आणि दार पुरतं, कडप्पा पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, आणि ट्रॉलीच्या चॅनलमध्ये, म्हणजे सरकायच्या पट्ट्यांमध्ये, दोन्ही बाजूंची जागा जाते ती वाचते. सिंकखाली तर ट्रॉली नकोच. तिथे पाणी सांडणारच, कचऱ्याचा डबा ठेवा. कोपऱ्यात फिरणारी महागडी बास्केट घालण्यापेक्षा तो कोपरा वर्षातून एकदा लागणाऱ्या मोठ्या पातेल्यांना द्या. स्टीलच्या बास्केट घेताना ३०४ ग्रेड मागा, समुद्राजवळच्या हवेत हलकं स्टील पटकन गंजतं.

गॅसचं नीट ऐका. सिलिंडर असेल तर तो उभा आणि हवेशीर जागेत, आणि त्या कपाटाच्या दाराला खाली भोकं किंवा जाळी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइप गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून तिथे वरच्या बाजूला हवा खेळती हवी. पाइप आणि मीटर बंद पेटीत कोंडून वर लॅमिनेट (सनमायका) मारायचं नाही, दिसायला वाईट दिसलं तरी. आणि पाइप सरकवायचा असेल तर गॅस कंपनीच्या माणसाकडूनच, प्लंबरकडून नाही.

फ्रिजची जागा ठरवताना दार नव्वद अंशांच्या पुढे उघडलं पाहिजे, भिंतीला चिकटवून ठेवला तर आतले भाजीचे ड्रॉवर बाहेरच येत नाहीत. मागे आणि बाजूला कंपनीने सांगितलेली जागा सोडा. फ्रिजच्या डोक्यावर कपाट केलं तर गरम हवा जायला फट हवी.

देवघर किचनमध्ये करणार असाल तर दिशा तुमच्या घरचे ठरवतील, मी एवढंच सांगेन की निरांजन जिथे ठेवणार त्याच्या बरोबर वर कमी उंचीवर फळी नको. लॅमिनेट काळं पडतं आणि कधीतरी पेटतंसुद्धा. खाली ग्रॅनाइटचा तुकडा, वर दीड-दोन फूट मोकळं. वाती, तेल, उदबत्तीला खाली एक ड्रॉवर दिला की अर्धा पसारा गेला.

पायरी सहावी: हॉल

दहा बाय चौदाचा हॉल धरू. इथे नियम एकच पाळा, जमीन जितकी दिसेल तितका हॉल मोठा दिसेल. म्हणून पायांवर उभं असलेलं किंवा भिंतीला टांगलेलं फर्निचर घ्या, टीव्ही युनिट जमिनीपासून दहा-बारा इंच वर टांगा, खाली झाडू-पोछा जातो आणि मुलांची खेळणी रात्री तिथेच सरकवता येतात. एल आकाराचा सोफा छोट्या हॉलला गिळून टाकतो. त्यापेक्षा तीन सीटचा दिवाण, खाली ड्रॉवर किंवा पोकळी, दिवसा सोफा आणि रात्री एका माणसाची झोप, आणि बाकीच्यांना दोन हलकी स्टुलं जी टेबलाखाली जातात. सोफा-कम-बेड घेणार असाल तर दुकानात स्वतः उघडून-मिटवून बघा, आणि घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला उघडायला लावा. त्या माणसाला जमलं नाही तर तो कायम सोफाच राहणार, बेड कधी होणारच नाही.

जेवायला आणि लॅपटॉपला एकच घडीचं टेबल भिंतीला लावा, १८ इंच खोल, तीन-साडेतीन फूट लांब, खाली फोल्डिंग ब्रॅकेट. उंची २९-३० इंच. चार माणसं एकत्र जेवणार असतील तर असलं टेबल पुरत नाही, मग जमिनीवर बसा ना, आपले आजोबा बसायचेच, किंवा पत्त्यांचं फोल्डिंग टेबल दिवाणामागे उभं ठेवा. घडीच्या टेबलाच्या भिंतीत आधी ड्रिल मारून बघा, पोकळ ब्लॉकची किंवा पातळ पार्टिशनची भिंत असेल तर योग्य अँकर लागतात, साध्या गुट्ट्या टेबलासकट बाहेर येतात.

चपलांचं कपाट दाराजवळ हवंच, पण खोल नको. तिरक्या फळ्यांचं सात-आठ इंच खोलीचं कपाट मिळतं, त्यावर चाव्या आणि वर आरसा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आरसा लावला तर उजेड दुप्पट वाटतो, मात्र त्यात समोरच्या बिल्डिंगचं बाथरूम दिसत नाही ना ते आधी बघा. पडद्याची दांडी छताजवळ लावा. रंग फिका, एकाच कुटुंबातला, धुता येणारा. सजावटीवर यापेक्षा जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही, ती राहायला आल्यावर हळूहळू होत जाते.

खिडकीला बॉक्स ग्रिल केली असेल तर तिच्यात कुलपाचं उघडणारं दार ठेवा आणि चावी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असू दे. आग लागली तर तोच रस्ता.

पायरी सातवी: बेडरूम, इंचांचा हिशेब

दहा बाय दहाची खोली, म्हणजे १२० इंच. कपाट २४ इंच खोल. ६० इंच रुंद बेड टाकलात तर १२० वजा २४ वजा ६०, उरले ३६ इंच. बेड समोरच्या भिंतीला चिकटवला की हे सगळे ३६ इंच कपाटासमोर मिळतात, दार आरामात उघडतं आणि माणूसही उभं राहतं. ७२ इंचांचा किंग बेड टाकलात तर उरतात २४, मग अठरा इंचांचं दार उघडलं की तुम्ही बेडवर चढून कपडे काढणार. तिथे सरकती दारं लावा असं कोणी सांगेल, पण त्यांचा ट्रॅक दोन-तीन इंच खातो आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. त्यापेक्षा बेड लहान घ्या. गादी तयार मापातच घ्या, ७८ बाय ६० वगैरे, आणि बेड गादीवरून बनवून घ्या, उलटं नको.

बेडखाली ड्रॉवर की हायड्रॉलिक, म्हणजे गादीसकट वर उचलायचा बेड? ड्रॉवर उघडायला बाजूला वीस इंच तरी लागतात, ते नसतील तर हायड्रॉलिक. पण त्यात रोजचं सामान ठेवू नका, गादी उचलून रोज कोण काढतंय. जादा गाद्या, रजया, माळ्यावर न जाणारं सगळं तिथे. प्लायला दोन-चार भोकं पाडून घ्या, हवा जाते.

कपाटाच्या आत साड्यांना, ड्रेसना, शर्टांना लागणारी उंची वेगळी. शर्ट टांगायला ४० इंच पुरतात, लांब ड्रेसला ६०. घड्यांच्या फळ्यांमध्ये बारा-तेरा इंच, त्यापेक्षा जास्त ठेवलं की ढीग कोसळतो. आणि ज्या भिंतीवर पावसाचा मार बसतो, आपल्याकडे बहुतेक नैर्ऋत्येची, त्या भिंतीला कपाट चिकटवू नका. इलाज नसेल तर भिंत आधी बाहेरून वॉटरप्रूफ करा, मागे इंचभर फट सोडा. जुलैत कपाटातल्या रेशमी साडीवर बुरशी दिसली की मग आठवण येते.

आणि कपडे वाळत घालायचं काय

हे कोणी विचारात घेत नाही, म्हणून वेगळं लिहितेय. जून ते सप्टेंबर चार महिने कपडे घरातच वाळणार आहेत. छताला पुलीचा हँगर, दोरी ओढली की वर जातो, तो बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये पंख्याच्या वाऱ्यात येईल असा लावा, आणि त्याच्या खालून मुख्य रस्ता जात नसावा. बाल्कनी आत घेऊन खोली वाढवायचा मोह होतो, नियमात बसतं का ते तर बघाच, पण त्याहून आधी स्वतःला विचारा, मग ओले टॉवेल कुठे?

बाथरूमला पीव्हीसी किंवा तत्सम पाण्याला न फुगणारं दार, कोपऱ्यात काचेच्या फळ्या, कमोडच्या वरची जागा कपाटाला. पुरे.

पायरी आठवी: मटेरियल आणि कोटेशन

ओलीजवळ, म्हणजे किचन आणि बाथरूमच्या भिंतीला लागून, बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, ज्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं. बाकी ठिकाणी साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा ग्रेड चालतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाण्याला फुगतात, स्वस्तात रेडीमेड कपाट घेतलंत तर कपाटाच्या पायांना प्लास्टिकचे बूट लावा आणि पोछ्याचं पाणी लांब ठेवा. कपाटाचा सांगाडा आणि दारं १८ एमएम, मागची पाटी ६ एमएम. दाराला बाहेरून १ एमएम लॅमिनेट लावलं तर आतूनही लॅमिनेट लागतंच, एकाच बाजूला लावलेलं दार वाकतं. शीट साइटवर आली की शिक्का तुम्ही बघा, कापायच्या आधी, फोटो काढून ठेवा.

कोटेशन तीन घ्या, पण तिन्ही एकाच मापाच्या ड्रॉइंगवर, नाहीतर तुलना होत नाही. दर स्क्वेअर फुटावर असतो तो समोरच्या भागाचा, सात फूट उंच आणि सहा फूट रुंद कपाट म्हणजे ४२ स्क्वेअर फूट, वरचा अडीच फुटांचा माळा वेगळा १५. त्या दरात आतल्या फळ्या, ड्रॉवर, बिजागऱ्या, चॅनल, हँडल, आतलं लॅमिनेट धरलंय का, जीएसटी धरून आहे की वर, हमाली कोणाची, मलबा कोण नेणार, हे कागदावर घ्या. सगळ्यात कमी दराच्या कागदावर बहुतेक वेळा यातलं निम्मं लिहिलेलंच नसतं.

कामाचा क्रम असा ठेवा: तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, टाइल्स, प्लास्टर-पीओपी, मग सुतार, मग रंगाचे पहिले हात, मग लाइट आणि नळ, आणि रंगाचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी. पैसे याच टप्प्यांवर द्या, काम पूर्ण झाल्यावर त्या टप्प्याचे. सुतार आणि रंगारी एकाच वेळी घरात आणले की दोघं एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात आणि रंगात भुसा बसतो.

भाड्याच्या घरात राहत असाल, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे, तर यातल्या पहिल्या तीन पायऱ्या तुमच्याही कामाच्या. फर्निचर मात्र सुटं घ्या, उघडून-जोडून नेता येईल असं, दुसऱ्या घराच्या लिफ्टमध्ये जाईल असं, आणि भिंतीला भोकं पाडायच्या आधी मालकाला मेसेज करून होकार लेखी घ्या, डिपॉझिटमधून तेच कापलं जातं.

स्वतःचं घर असेल तर शेवटचा हप्ता, दहा टक्के तरी, लगेच देऊ नका. ड्रॉवर सामानाने भरा आणि मग ओढून बघा, रिकामे सगळे छान सरकतात. प्रत्येक दार दुसऱ्या दाराला अडतं का, बेड उचलून बघा, सगळे प्लग टेस्टरने तपासा, सिंक भरून एकदम सोडा आणि खाली हात लावून ओल बघा, घडीचं टेबल उघडून त्यावर कोपर टेकवून बसा. जे अडतंय त्याची यादी कारागिराच्या हातात द्या, तो ती दुरुस्त करून गेला की मगच पैसे.